वेताळाचा जन्मदाता

२०२५ साली अमेरिकेतल्या एका प्रकाशनसंस्थेने वेताळाचा अंक क्रमांक एक बाजारात आणला. वेताळ म्हणजे मूळचा फँटम. त्या वर्षी त्याचे वय एकोणनव्वद होते आणि त्याची चित्रमालिका इतकी वर्षे खंड न पडता रोजच्या रोज वर्तमानपत्रांतून छापून येत होती. अशा गृहस्थाचा पुन्हा ‘पहिला’ अंक! आम्हा बँकवाल्यांना हे जरा खटकतेच. नव्या वर्षाची खातेवही उघडली तरी मागची शिल्लक पहिल्या ओळीवर ओढून घ्यावी लागते. जुनी वही कोरी समजून चालत नाही.

पण तिकडे ही रीतच पडून गेली आहे. सुपरमॅन, बॅटमॅन यांची मालक असलेल्या डी. सी. कॉमिक्स या कंपनीने २०११ साली एकदम बावन्न मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या. सुपरमॅनचे १९३८ पासून चालत आलेले ‘ॲक्शन कॉमिक्स’ हे मासिकसुद्धा त्यातून सुटले नाही. त्याचीही गिनती एकपासून झाली. मग काही वर्षांनी कंपनीला आपल्याच वयाचा मोह झाला, जुने आकडे परत आणले गेले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याच मासिकाचा हजारावा अंक वाजतगाजत निघाला. अडचण खरी आहे. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या कथेत आज दहा वर्षांच्या मुलाने शिरायचे कुठून? आणि लहानपणी वाचलेले, मध्ये नोकरी-संसारात सुटलेले, आता निवृत्तीनंतर पुन्हा हाती घ्यावेसे वाटणाऱ्या माणसाला ओळखीचे दार सापडायचे कसे? नवा गडी आणि जुना गडी दोघांनाही एकाच पंगतीत वाढायचे, हा तो पेच.

हा पेच ज्या माणसाने १९३६ सालीच सोडवून ठेवला होता, त्याची ही हकिकत. त्याचे नाव ली फॉक. खरे तर हेही त्याचे खरे नाव नव्हे.

मिसिसिपी नदीच्या काठी सेंट लुईस नावाचे शहर आहे. तिथल्या एका ज्यू कुटुंबात २८ एप्रिल १९११ रोजी हा मुलगा जन्मला. नाव ठेवले लिऑन हॅरिसन ग्रॉस. वडील बेंजामिन ग्रॉस मुलगा लहान असतानाच वारले. आई एलिनॉर काही काळाने पुन्हा विवाहबद्ध झाली. सावत्र वडिलांचे नाव अल्बर्ट फॉक एपस्टाइन. पुढे त्या घरात धाकटा भाऊ लेस्ली आला. सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते तसे इथे काही घडले नाही. लिऑनला या माणसाने बापाची माया दिली. कॉलेज संपल्यावर लिऑनने आपले आडनाव बदलले तेव्हा जन्मदात्याचे ‘ग्रॉस’ ठेवले नाही आणि सावत्र वडिलांचे ‘एपस्टाइन’ही घेतले नाही. त्यांच्या नावातला मधला शब्द उचलला, फॉक. ‘ली’ हे घरात हाक मारायचे नाव होतेच. धाकट्या भावानेही पुढे हेच आडनाव लावले. अशा रीतीने एक नवे घराणे दोन भावांपासून सुरू झाले, आणि त्याचा मूळपुरुष म्हणजे एका सावत्र बापाच्या नावाचा मधला तुकडा.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने लेखकाच्या आयुष्यातून त्याच्या पात्रांचे धागे ओढू नयेत असे म्हणतात, कारण धागे बहुधा आपल्याच अंगरख्याचे निघतात. तरीही मला राहवत नाही. ज्या मुलाचा बाप लहानपणीच गेला आणि ज्याने दुसऱ्या बापाचे नाव हौसेने अंगावर घेतले, त्याने पुढे अशा एका वीराची कथा रचली की ज्याच्या घराण्यात प्रत्येक मुलगा बापाच्या मरणानंतर बापाचाच वेष चढवतो आणि जगाला बाप मेल्याचे कळूच देत नाही. याला नुसता योगायोग म्हणायला मन तयार होत नाही.

ली इलिनॉय विद्यापीठात शिकत होता तेव्हाच एका जादूगाराची कथा त्याच्या डोक्यात घोळत होती. उंच टोपी, पल्लेदार झगा, बारीक मिशी आणि नजरेने समोरच्याला भुलवणारा मँड्रेक. सुरुवातीच्या काही पट्ट्या त्याने स्वतःच काढल्या. चित्रकलेत आपला हात बेताचा आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणून फिल डेव्हिस या चित्रकाराला जोडीला घेतले. बाडबिस्तरा घेऊन तो न्यूयॉर्कला गेला आणि किंग फीचर्स सिंडिकेट या संस्थेला त्याने हे काम दाखवले. सिंडिकेट हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून थोडे सांगतो. एक संस्था लेखक-चित्रकारांकडून चित्रमालिका घेते आणि तीच मालिका गावोगावच्या शेकडो वर्तमानपत्रांना भाड्याने देते. माल एकच, भाडे शेकडो ठिकाणांहून. धंदा म्हणून याहून सुरेख काही मी तरी पाहिलेले नाही. किंग फीचर्सने मँड्रेक घेतला आणि ११ जून १९३४ पासून तो वर्तमानपत्रांत झळकू लागला. लेखकाचे वय अवघे तेवीस.

इथे एक गंमत झाली. वाचकांना लेखकाची माहिती हवी असते. देशोदेशी हिंडणाऱ्या जादूगाराची कथा लिहिणारा स्वतः मिसिसिपीकाठचा कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला पोरगा आहे, हे सांगायचे कसे? तेव्हा फॉकने आपले चरित्रही रचले. हा गृहस्थ जगभर फिरलेला आहे, पूर्वेकडच्या साधुपुरुषांच्या पायाशी बसून त्याने गूढ विद्या शिकलेल्या आहेत, असे छापून आले. वस्तुस्थिती अशी की मँड्रेक विकायला केलेला न्यूयॉर्कचा प्रवास हाच तोवरचा त्याचा सर्वांत लांबचा प्रवास होता. पुढे मात्र त्याने खरोखरच जग पालथे घातले, आणि त्याचे एक कारण त्याने मिश्कीलपणे सांगून ठेवले आहे. खरे प्रवासी भेटले तर आपली थाप उघडी पडेल ही भीती. कर्ज आधी घेऊन मग प्रामाणिकपणे हप्ते फेडणारा माणूस म्हणतात तो असा.

दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटमची पहिली पट्टी छापून आली. चित्रे रे मूर यांची. आज ज्याला सुपरहीरो म्हणतात त्याचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चेहऱ्यावरचा मुखवटा आणि त्या मुखवट्यात बुबुळे नसलेले पांढरे डोळे, हे सगळे त्या दिवसापासूनचे आहे. सुपरमॅन आला १९३८ साली आणि बॅटमॅन १९३९ साली. बुबुळांविना डोळ्यांची कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचे फॉक सांगत. पोशाखाचा रंग मात्र त्यांच्या मनात करडा होता. पहिली तीन वर्षे मालिका काळ्या-पांढऱ्यात छापली जात असल्यामुळे प्रश्न आला नाही. १९३९ च्या मे महिन्यात रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि पोशाख निघाला जांभळा. जंगलात लपणाऱ्या माणसाला जांभळा रंग! पुढे तर प्रत्येक देशाने आपापल्या आवडीचा रंग दिला. इटली आणि ब्राझीलमध्ये तो तांबडा, स्वीडन-नॉर्वेत निळा. आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्समध्येही सुरुवातीच्या काही अंकांत निळाच होता, मग जांभळा झाला.

पहिल्याच कथेत आणखी एक मजेची गोष्ट दिसते. फॉक यांनी आधी ठरवले होते की जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी तरुण हाच रात्री मुखवटा चढवून फँटम होतो. कथा छापली जात असतानाच त्यांनी विचार बदलला. शहर सोडून त्यांनी आपला वीर जंगलात नेला आणि त्याच्यामागे चारशे वर्षांचा इतिहास उभा केला. वाचकांपुढे चालू असलेल्या कथेत एवढी मोठी वळवणी घेणे म्हणजे धावत्या एस. टी.चे चाक बदलण्यासारखे आहे. ज्यांनी क्रमशः कादंबरी लिहिली आहे त्यांना या धाडसाची किंमत कळेल.

तो इतिहास आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. १५३६ साली चाचे एका जहाजावर हल्ला करतात. कप्तान मारला जातो. त्याचा मुलगा तेवढा वाचून किनाऱ्याला लागतो. जंगलातले बुटके बांदार लोक त्याला सांभाळतात. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो शपथ घेतो की आपण आणि आपल्यामागून आपले वंशज चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहू. तो मेल्यावर त्याचा मुलगा, मग नातू. वेष तोच, कवटीची गुहा तीच, जबड्यावर उमटणारी अंगठी तीच. बाहेरच्या जगाला वाटते हा एकच माणूस आहे आणि तो मरत नाही. आपण ज्याला ओळखतो तो एकविसावा.

आता पहिल्या प्रश्नाकडे या. नव्या वाचकाला आत घ्यायचे कसे? फॉक यांनी ही शपथेची कथा पुन्हा पुन्हा, कथेच्या आरंभी दोन-चार चौकटींत सांगण्याचा परिपाठ ठेवला. कीर्तनकार पूर्वरंग सांगतो तसा. नव्याला ती माहिती असते आणि जुन्याला ती आळवणी वाटते. आठव्यांदा ऐकतानाही जुना वाचक कंटाळत नाही, उलट एखादी चौकट गाळली तर त्यालाच चुकल्यासारखे होते. आणि काळ बदलला, वेष शिळा झाला, विचार जुनाट वाटू लागले तर? वीर मारून टाका! त्याचा मुलगा तयारच आहे. दुसऱ्या कंपन्यांना यासाठी विश्वे उद्ध्वस्त करून नवी निर्माण करावी लागली, गिनती पुन्हा एकपासून धरावी लागली. फॉक यांच्या कथेत वारसनोंद पहिल्याच दिवशी करून ठेवलेली होती. खात्याला वारस लावा म्हणून सांगता सांगता माझी नोकरी संपली. लोक ऐकत नाहीत. फॉक यांनी मात्र पंचविसाव्या वर्षाच्या आतच आपल्या वीराचे सगळे कागद पुरे करून ठेवले होते.

अशी माणसे आपल्या हाती लागलेल्या सोन्याच्या अंड्यावर बसून राहतात असा अनुभव आहे. फॉक यांचे तसे झाले नाही. त्यांचा जीव रंगभूमीत होता. त्यांनी आयुष्यात पाच नाट्यगृहे चालवली, तीनशेच्या आसपास नाटकांची निर्मिती केली, शंभरएक नाटके स्वतः बसवली आणि डझनभर लिहिली. चार्लटन हेस्टन, पॉल न्यूमन, इथेल वॉटर्स, चिको मार्क्स अशी नटमंडळी त्यांच्या नाटकांतून कामे करून गेली. १९५३ च्या उन्हाळ्यात मार्लन ब्रँडोने त्यांच्यासाठी शॉचे ‘आर्म्स अँड द मॅन’ केले. तोवर ब्रँडो चित्रपटांचा मोठा नट झाला होता. ब्रॉडवेचे भरघोस मानधन बाजूला ठेवून, आपल्या मित्रमंडळींना कामे मिळावीत म्हणून तो या उन्हाळी दौऱ्यात उतरला. हेच त्याचे रंगभूमीवरचे अखेरचे नाटक ठरले.

म्हणजे दिवसा तालमी, रात्री प्रयोग, आणि या सगळ्याच्या पोटात दोन दैनंदिन चित्रमालिका, शिवाय दोन्हींची रविवारची पाने. महायुद्धाच्या काळात सरकारच्या युद्धविषयक माहिती खात्यात परभाषांतल्या नभोवाणी विभागाची जबाबदारी होती, पुढे लष्करातही गेले, तरी वेताळ आणि मँड्रेक चालूच राहिले. तीन लग्ने झाली, तीन मुले झाली. नाटकाने त्यांना किती पैसा दिला याचा हिशेब माझ्याजवळ नाही, पण नाटकाचा धंदा कुठेही बसला तरी एका पायावरच उभा असतो. दुसरा पाय बहुधा वेताळाचा असावा.

आता थोडे आपल्याकडचे. भारतात फँटम ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधून चाळीसच्या दशकातच येऊ लागला होता. पण वीकली इंग्रजी, आणि घरात वीकली येणारी माणसे ती किती? मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. त्याच्या उभारणीत तिथल्या अनंत पै या तरुण अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. हेच पै १९६७ साली तिथून बाहेर पडले आणि त्यांनी अमर चित्रकथा काढली. इंद्रजालचे पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. सुरुवातीला अंकाची सगळी पानेही कथेला मिळत नसत. काही पाने मुलांसाठी सामान्यज्ञानाला जात. मासिकाचे पाक्षिक झाले, पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, कन्नड, तमिळ, मल्याळम अशा भाषांतून ते निघत राहिले. मुखपृष्ठे गोविंद ब्राह्मणिया यांच्या कुंचल्यातून उतरत. १९७६ पासून त्यात आबिद सुरतींचा चंबळच्या खोऱ्यातला बहादूर आला. १९९० साली इंद्रजाल बंद पडले तेव्हा अंकांचा आकडा आठशेच्या वर गेला होता.

मला याला मालिकेचे पुनरागमनच म्हणावेसे वाटते. अट्ठावीस वर्षे जुनी झालेली कथा पूर्णपणे नव्या वाचकांसाठी नव्याने मांडायची होती आणि ती मांडताना काही नावे हुशारीने बदलली गेली. मूळ कथेतला प्रदेश बेंगाला. हे नाव ऐकून आपल्याकडे कुणाला बंगाल आठवला असता, म्हणून त्याचे डेंकाली केले. चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग होते; शिखांची मने दुखावू नयेत म्हणून ते सिंगा झाले. एका खुन्याचे नाव चक्क रामा होते. रामाला खुनी म्हणून छापायची छाती कुणाची होणार? त्याचा रामालू झाला.

पण सगळ्यांत मोठी करामत नावाची. बंगालीत त्याला अरण्यदेव म्हटले. शब्द गोड आहे, पण त्यात भय नाही. आपल्याकडे तो वेताळ झाला. उमरग्याच्या परिसरात काय किंवा उभ्या महाराष्ट्रात काय, वेताळ ही भाषांतर करून आणायची गोष्टच नव्हती. तो गावाच्या शिवेवर शेंदूर माखून बसलेला होता. भुताखेतांचा राजा, पण गावाचा राखणदार. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढे मशाली असतात, ती पाहणाऱ्याने पालथे पडावे, असे आज्या सांगत. ‘आग्या वेताळ’ हा शब्द ऐकला तरी अंगणातली पोरे गप्प होत. शिवाय विक्रम राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा वेताळ होताच. स्वतः भूत असून भुताटकीपासून राखणारा, कुणाला न दिसता सगळीकडे असणारा, कधीही न मरणारा अशी जी कल्पना सेंट लुईसच्या तरुणाने मोठ्या कष्टाने जुळवली, ती इथे गावोगाव दगडाच्या रूपात तयार होती.

आमचे उमरगा हे पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे गाव, पलीकडे लगेच कर्नाटक. सत्तरच्या दशकात इथे पुस्तके येत ती एस. टी.च्या टपावरून, सोलापूरच्या गठ्ठ्यांतून. इंद्रजालचा अंक एकाने विकत घ्यायचा आणि तो गल्लीभर फिरायचा. परत येताना त्याचे मुखपृष्ठ बहुधा वेगळे झालेले असे. बसवकल्याण, आळंदकडच्या नातेवाइकांकडून कुणी कन्नड अंक आणी. अक्षर कळत नसे, पण वेताळ कळत असे. ‘फँटम’ नावाच्या गोड सिगारेटी ओठांत धरून बाजारातून मिरवण्याची हौसही त्याच वयातली. आज साठीला आलेल्या माझ्या पिढीला हिमालयाच्या रांगा ओळीने सांगता येणार नाहीत, पण कवटीच्या गुहेत शिरायला धबधब्यामागून वाट आहे हे विसरलेले नाही.

आणि इथेच थोडे थांबून अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. लहानपणी जे दिसले नाही ते आता त्याच चौकटीत दिसते. जंगलात राहणारे हजारो काळेसावळे लोक, आणि त्यांचे रक्षण करायला, भांडणे सोडवायला, सिंहासनावर बसायला युरोपातून आलेल्या एका गोऱ्या माणसाचे घराणे. आपण मुले होतो, आपला रंग कोणता हे विसरून आपण त्या गोऱ्याच्या बाजूने टाळ्या पिटल्या. बांदार हे नावसुद्धा फॉक यांनी किपलिंगच्या वानरांवरून घेतलेले. मँड्रेकचा सोबती लोथार हा आफ्रिकेतला राजपुत्र. पण सुरुवातीच्या काळात अंगावर बिबट्याचे कातडे, डोक्यावर तुर्की टोपी आणि तोंडी मोडकी भाषा. साम्राज्यांच्या अखेरच्या काळात लिहिलेल्या कथा आहेत, हे कारण झाले; समर्थन नव्हे.

फॉक यांची मला जी बाजू सर्वांत मोलाची वाटते ती याच ठिकाणी दिसते. मालिका चालू ठेवूनच त्यांनी ती आतून बदलली. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. फॉक यांनी आपला प्रदेश हळूच आशियाच्या अंगाने उचलून आफ्रिकेत नेला आणि तिथे निवडणूक घडवली. लमांडा लुआगा हा पेशाने डॉक्टर असलेला कृष्णवर्णीय गृहस्थ तिथला निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची सत्ता बळकावू पाहणारा लष्करशहा बाबाबू हा खलनायक ठरला आणि वेताळ लोकशाहीच्या बाजूने उभा राहिला. डेव्हिस १९६४ च्या डिसेंबरात वारल्यावर मँड्रेकची चित्रे फ्रेड फ्रेडरिक्स काढू लागले. त्या सुमारास लोथारच्या अंगावरचे कातडे गेले आणि तो शुद्ध इंग्रजी बोलू लागला. वेताळाची चित्रे रे मूर यांच्यानंतर विल्सन मॅकॉय यांच्याकडे आणि १९६१ पासून सी बॅरी यांच्याकडे होती. आपण इंद्रजालमध्ये पाहिलेला रुबाबदार वेताळ बहुतांशी बॅरी यांचा. हे बदल कुणी ढोल वाजवून जाहीर केले नाहीत, पहिला अंक म्हणून विकलेही नाहीत. पुरेसे होते का? माझ्या मते नव्हते. गोरा माणूस सिंहासनावरून उतरला नाही. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेला, यश मिळालेला लेखक स्वतःचेच लिखाण दुरुस्त करायला बसतो हे फार वेळा घडत नाही.

डायना पामरचेही तसेच. १९३६ च्या पहिल्या कथेपासून ती वेताळाची वाग्दत्त वधू. वाचकांच्या दोन पिढ्या झाल्या तरी मुहूर्त निघेना. अखेर १९७७ साली, एक्केचाळीस वर्षांच्या साखरपुड्यानंतर, फॉक यांनी दोघांचे लग्न लावून दिले. नायकाचे लग्न झाले की वाचक पळतात अशी या व्यवसायातली पक्की समजूत. फॉक यांनी ती मानली नाही. थोड्याच काळात किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. बाविसावा वेताळ पाळण्यात आला, आणि त्याच्या शेजारी बहीण. चारशे वर्षे मुलाकडून मुलाकडे चालत आलेल्या घराण्यात आता गादीला दोन वारस होते. त्यातून काय उद्भवू शकते हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. मँड्रेकच्या लग्नाला तर १९९७ साल उजाडले!

एवढा सगळा पसारा ज्याने उभारला त्याच्या नावावर तो नव्हता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. चित्रमालिकांचे हक्क किंग फीचर्सकडे होते. लेखक साठ वर्षे लिहीत राहिला, पण घर मालकाचे. तेव्हाची सगळ्याच धंद्याची रीत तशी होती. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सीगल आणि शूस्टर या दोघांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला हक्क विकले आणि पुढचे आयुष्य कोर्टकचेऱ्यांत घालवले. त्या मानाने फॉक भाग्यवान. त्यांची लेखणी कुणी काढून घेतली नाही. मात्र मालकी दुसऱ्याची असल्याचा एक परिणाम असा झाला की प्रत्येक देशाने आपला वेताळ आपल्या पद्धतीने वाढवला. ऑस्ट्रेलियात १९४८ पासून आणि स्वीडनमध्ये १९५० पासून त्याचे स्वतंत्र नियतकालिक सुरू आहे. ऑस्ट्रेलियन मंडळींनी मागे काटछाट करून छापलेल्या जुन्या कथा पुन्हा संपूर्ण छापल्या, आपले आरंभीचे अंक जसेच्या तसे काढून परतलेल्या वाचकांच्या हाती दिले. स्वीडनच्या मंडळींनी आपल्या लेखक-चित्रकारांकडून नव्या कथा लिहून घेतल्या. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या वाहगी लोकांनी तर लढाईच्या ढालींवर वेताळाचे चित्र रंगवले. न मरणारा वीर ढालीवर असला तर ढाल धरणाराही मरत नाही, असा त्यांचा हिशेब असणार. १९९६ साली हॉलिवूडने मोठा चित्रपट काढला, बिली झेन त्यात वेताळ होता. तो चालला नाही.

आपल्याकडे इंद्रजाल गेल्यावर वेताळ इकडून तिकडे भटकला. डायमंड कॉमिक्सने काही काळ छापला, आणखी काही प्रकाशकांनी प्रयत्न केले, अलीकडच्या वर्षांत केरळच्या एका प्रकाशनाने जुन्या कथा चांगल्या कागदावर आणल्या. गिऱ्हाईक बहुतेक पन्नाशी-साठीचे. पुण्या-मुंबईच्या रद्दीवाल्यांकडे इंद्रजालच्या जुन्या अंकांसाठी हीच मंडळी खिसे रिकामे करताना दिसतात. परतलेला वाचक मिळाला. नवा वाचक मिळाला असे म्हणवत नाही. माझ्या नातवाला मी दोन अंक दिले. त्याने विचारले की याला उडता येत नाही तर हा सुपरहीरो कसा? मग बराच वेळ विचार करून, याचे बाबा मेले तेव्हा हा केवढा होता, हे विचारले. हा दुसरा प्रश्न विचारणारा पोरगा पुढचा अंक मागेल असे मला वाटते. पण तो मराठीत मिळायला हवा, आणि रस्त्यावरच्या दुकानात, बस थांबते तिथे मिळायला हवा.

फॉक शेवटपर्यंत लिहीत राहिले. सी बॅरी १९९४ साली निवृत्त झाले, चित्रकार बदलले, पण मजकूर फॉक यांचाच. अखेरच्या काळात त्यांची तिसरी पत्नी एलिझाबेथ मॉक्सली, जी स्वतः नाट्यदिग्दर्शिका होती, त्यांना लेखनात मदत करी. आजारपणात तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा ओढून काढून ते पुढच्या चौकटींचा मजकूर सांगत, अशी हकिकत आहे. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ते वारले. वय सत्त्याऐंशी.

वर्तमानपत्रांच्या चित्रमालिका काही आठवडे आगाऊ तयार ठेवाव्या लागतात. त्यामुळे लेखक गेल्याची बातमी ज्या वर्तमानपत्रांत आली, त्याच वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर त्याने लिहिलेला वेताळ नेहमीप्रमाणे घोड्यावर स्वार होता. हाती अर्धवट राहिलेल्या कथा एलिझाबेथने पुऱ्या केल्या. त्यानंतर लेखनाचे काम स्वीडिश नियतकालिकासाठी आधीपासून लिहीत असलेल्या मंडळींकडे गेले. त्यांपैकी टोनी डीपॉल यांनी ते पुढे वर्षानुवर्षे सांभाळले. त्यांच्या कथांत किट मोठा झाला आहे, आणि बापाने त्याला शिकायला हिमालयातल्या एका मठात पाठवले आहे.